खिंडीपाशी हवा बिघडली, तर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा?

मंदार_प्रतापनगर

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे नऊ जण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रुपिन खिंडीच्या वाटेला जाणार आहोत. उत्तराखंडातील धौला गावापासून सुरुवात करायची, ४,६५० मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि हिमाचलातील सांगल्याला उतरायचे, असा बेत आहे. गटात बँकेतले तिघे, दोन शिक्षिका, एक निवृत्त अभियंता आणि आम्ही उरलेले दुकानदार मंडळी आहोत. सेमिनरी हिल्सच्या चढावर पाठीवर ओझे घेऊन चालणे आणि सुटीच्या दिवशी रामटेकच्या पायऱ्या चढणे हा सराव नियमित चालू आहे, त्यामुळे दमाची फारशी काळजी नाही.

वाद वेगळ्याच मुद्द्यावर पेटला आहे. खिंडीच्या दिवशी अर्ध्या चढावर गारपीट सुरू झाली, विजा कडाडू लागल्या किंवा धुके उतरून पुढचा माणूस दिसेनासा झाला, तर परत फिरायचे की नाही, हे कोणी ठरवायचे? निम्म्या मंडळींच्या मते आपण वाटाड्याला त्याचसाठी पैसे मोजतो, तेव्हा त्याचा शब्द अखेरचा मानावा. उरलेल्यांचे म्हणणे असे की, जीव ज्याचा त्याचा असल्यामुळे प्रत्येकाला थांबण्याचा अधिकार असला पाहिजे. अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे की निर्णय कोणाचा, कोणत्या खुणेवर घ्यायचा आणि कोणत्या टप्प्यानंतर त्याला काही अर्थ उरत नाही.

सातपुडावासी

मंदारराव, बेत उत्तम आहे आणि प्रश्न त्याहून उत्तम आहे. मात्र त्याचे उत्तर खिंडीत शोधण्याआधी तुमच्या परतीच्या तिकिटावर शोधावे, असे मी सुचवेन.

रुपिनची वाट एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरण्याची आहे. तुमची गाडी सांगल्याला उभी असणार, सामान तिकडे जाणार आणि तिथून पुढे शिमला, चंदीगड किंवा दिल्ली गाठून नागपूरची गाडी पकडायची असणार. खिंडीखालून माघारी फिरायचे म्हणजे पुन्हा धौल्यापर्यंत काही दिवसांची चाल, वेगळी गाडी आणि हुकलेले आरक्षण. ज्या गटाकडे एकही राखीव दिवस नसतो, त्या गटाचा निर्णय घरून निघतानाच झालेला असतो; डोंगरावर नंतर होते ती फक्त चर्चा. रजेचा अर्ज करताना एक दिवस जास्तीचा मागितला असेल, तर खिंडीआधीच्या धबधब्यावरच्या मुक्कामी तंबूत बसून वादळ ओसरण्याची वाट पाहता येते. तो मागितला नसेल, तर वाटाडा कितीही शहाणा असो, त्याच्यामागे नऊ जणांच्या घड्याळांचा रेटा असतो.

तुमच्या बेतात असा राखीव दिवस आहे काय?

पांढरकवडा_एक्स्प्रेस

आमच्या साहेबांकडे ‘हिमालयात वादळ येण्याची शक्यता असल्याने एक दिवसाची अधिक रजा मिळावी’ असा अर्ज मी दिला असता, तर वादळ आधी कार्यालयातच आले असते. बाकी चर्चा गंभीर आहे, मी मुकाट्याने वाचतो आहे.

मंदार_प्रतापनगर

सातपुडावासी काका, खरे सांगायचे तर राखीव दिवस नाही. सांगल्याहून निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी आम्ही नागपुरात हवे आहोत, कारण शाळा सुरू होण्याआधी दोन्ही शिक्षिकांना कामावर रुजू व्हायचे आहे.

ढगांचा_हिशेब

हवामान हा माझा छंदाचा विषय आहे, म्हणून ‘कोणत्या खुणेवर’ या प्रश्नापुरते लिहितो.

उन्हाळ्यात डोंगरांचे उतार सकाळपासून तापू लागतात, ती गरम आणि दमट हवा उतारावरून वर चढते, थंड होते आणि दुपारपर्यंत तिचे उंच ढग उभे राहतात. आपल्या विदर्भात एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर अचानक अंधारून येते आणि गारा पडतात, त्यामागेही असेच कारण असते. म्हणूनच उंच खिंडी पहाटे चढायला घेतात आणि दुपारच्या आत ओलांडतात. हे झाले रोजचे वादळ. याशिवाय भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात असतात आणि त्यांना घड्याळाची फिकीर नसते. ते आले की दिवस-दोन दिवस ढग, वारा आणि बर्फ चालूच राहते. रोजच्या वादळावर लवकर निघणे हा उपाय पुरतो. झंझावातावर तंबूत थांबून राहण्याखेरीज उपाय नाही, म्हणून राखीव दिवसाबद्दलचे वरचे मत मला पूर्णपणे पटते.

तापमानाचा अंदाजही नागपूरच्या सवयीने करू नये. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आपले शहर सुमारे ३१० मीटरवर आहे आणि खिंड ४,६५० मीटरवर, म्हणजे नुसत्या उंचीपोटी अठ्ठावीस अंशांचा फरक पडतो. त्यात वारा आणि ओले कपडे यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

शेवटची सूचना अंदाज पाहण्याबद्दल. मोबाइलवरची बरीच हवामान ॲप्स दरीतल्या गावाचा अंदाज दाखवतात. खिंडीच्या उंचीचा अंदाज देणारी संकेतस्थळे पाहावीत, अंदाज वर्तवणारी दोन वेगवेगळी संगणकी प्रारूपे ताडून पाहावीत आणि ती एकमेकांशी जुळत नसतील, तर वाईट अंदाज खरा धरून चालावे. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप चांगले आहे, परंतु त्याला नेटवर्क लागते आणि या वाटेवर ते लवकरच संपते. त्यामुळे शेवटच्या गावात पाहिलेला अंदाज तिसऱ्या दिवशी शिळा झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

पांढरकवडा_एक्स्प्रेस

हवामान खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. तिचे आता काय करावे?

ढगांचा_हिशेब

ती परंपरा सीताबर्डीपर्यंत चालवावी, तिथे भिजलात तर समोर चहाची टपरी असते. थट्टा सोडून सांगतो, नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे तीन तासांपुरते तात्कालिक इशारे विजेच्या बाबतीत बऱ्यापैकी उपयोगी पडतात. मात्र ते विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडपुरते असतात. हिमाचलसाठी तिकडच्या केंद्राचे इशारे पाहावे लागतील.

अभय_धंतोली

मला इथली दिशा थोडी भावनिक वाटते, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. डोंगरावर लोकशाही धोक्याची असते. जो माणूस पहिल्यांदाच बर्फावर पाय ठेवतो आहे, त्याला पुढच्या तासात हवा काय करणार आहे हे कळणे शक्य नाही. त्याला फक्त भीती कळते. भीती हा हवामानाचा अंदाज नव्हे. ‘प्रत्येकाला थांबण्याचा अधिकार’ असे म्हटले की एक जण घळीच्या मध्यावर थांबतो, त्याच्यामागे सगळी रांग खोळंबते आणि जिथे जास्तीत जास्त वेगाने बाहेर पडायला हवे, नेमके तिथेच सारे गारठत उभे राहतात. किंवा गट फुटतो आणि अर्धे वर, अर्धे खाली अशी स्थिती होते. कितीतरी वेळा पुढे सरकून पलीकडे उतरणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग असतो, कारण मागचा उतार अधिक तीव्र असतो. हे जाणण्याची पात्रता वाटाड्याकडे आहे. तुम्ही त्याला निवडताना काळजी घ्या आणि निवडल्यावर मात्र त्याचे ऐका.

कांचन_खामला

अभय, तुमचा गट न फोडण्याचा मुद्दा मला मान्य आहे, उरलेल्याला माझा आक्षेप आहे.

हिमालयातल्या एका वाटेवर आम्ही एका संस्थेबरोबर गेलो होतो. खिंडीच्या पहाटे बर्फ पडत होता. प्रमुखाने रांगेकडे पाहून मोठ्याने विचारले, ‘सगळे ठीक आहेत ना?’ आणि सगळ्यांनी ‘हो’ म्हटले. माझ्या पुढे चालणाऱ्या मुलीला रात्री दोनदा उलटी झाली होती आणि तिच्या तंबूतल्या मैत्रिणीखेरीज ते कोणालाच ठाऊक नव्हते. वीस जणांसमोर ‘मी ठीक नाही’ असे म्हणायला जे धैर्य लागते, ते खिंड चढायला लागणाऱ्या धैर्याहून जास्त असते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे तिला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवावे लागले. निर्णय प्रमुखाचाच होता, पण ज्या माहितीवर तो घेतला गेला ती माहितीच खोटी होती, आणि ती खोटी ठरावी अशाच रीतीने विचारली गेली होती.

म्हणून माझी सूचना अशी की निर्णय प्रमुखाने जरूर घ्यावा, परंतु त्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन, नाव घेऊन विचारावे आणि सुरुवात सर्वांत मागे राहणाऱ्यापासून करावी. वर जायला सर्वांची संमती लागेल आणि खाली यायला एकाची पुरेल, हा नियम चढ सुरू होण्याआधी सर्वांनी मोकळेपणाने मान्य करावा. घळीच्या मध्यावर त्यावर मतदान घेऊ नये.

वैदेही_भूलतज्ज्ञ

या चर्चेत एक वैद्यकीय अडचण कोणीच विचारात घेतलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

‘ज्याला त्रास होईल तो स्वतः सांगेल’ हे गृहीतकच चुकीचे आहे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोराचे कापरे भरते, बोटे ऐकेनाशी होतात आणि चेन लावता येत नाही. त्यानंतर बोलणे अडखळते, पाय लटपटतात आणि स्वभाव बदलतो. बडबड्या माणूस गप्प होतो किंवा शांत माणूस चिडतो. तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की कापरे थांबते. बरोबरच्यांना वाटते की आता त्याला बरे वाटू लागले, आणि प्रत्यक्षात तो अधिक धोक्यात गेलेला असतो. काही रुग्ण शेवटच्या टप्प्यात गरम होते आहे म्हणून अंगावरचे कपडे काढू लागतात. असा माणूस स्वतःबद्दल निर्णय काय घेणार? उंचीवरच्या विरळ हवेचाही विचारशक्तीवर असाच परिणाम होतो. ४,६५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. त्यामुळे मंदार, ज्याने त्याने ठरवावे हे तत्त्व निरोगी माणसाला शोभते, गारठलेल्या माणसाला नाही. जोड्या लावाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवावे.

यासाठी बर्फच पडायला हवा, असेही नाही. २२ मे २०२१ रोजी चीनमधल्या कान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ धावपटू उतरले होते. दुपारी अचानक थंड पाऊस, गारा आणि जोराचा वारा सुरू झाला आणि २१ जण मरण पावले. ते सगळे धडधाकट होते, त्यांत देशातले नामवंत धावपटूही होते. अंगात मात्र बहुतेकांच्या धावण्याचे पातळ कपडे होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवले. जपानच्या होक्काइडो बेटावरील तोमुराउशी हा डोंगर २,१४१ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पाचशे मीटरनेच उंच आहे. जुलै २००९ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, तिथे १५ पर्यटक आणि ३ मार्गदर्शक असा १८ जणांचा गट ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे वादळी वाऱ्यापावसात निवारा सोडून निघाला. वाटेत रांग लांबत गेली आणि आठ जण गारठून दगावले. त्यांत एक मार्गदर्शकही होता. अभय, तुमच्या म्हणण्यावर माझे उत्तर हेच आहे की वाटाड्याचे शरीरही ३५ अंशांनाच हार मानते.

आपल्याला विदर्भात ४५ अंशांचे ऊन अंगवळणी पडले आहे. कांदा, पन्हे, डोक्याला दुपट्टा हे सारे लहानपणापासून शिकवलेले असते, पण ओल्या थंडीचे शहाणपण आपल्याला कोणी शिकवलेले नाही. सुती बनियन आणि जीन्स घामाने किंवा पावसाने ओली झाली की अंगाची उष्णता झपाट्याने ओढून घेते. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे, मधे ऊबदार आणि वर वारा-पाणी अडवणारे असे थर हवेत. कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि तो झोपताना किंवा संकटातच काढावा.

पांढरकवडा_एक्स्प्रेस

डॉक्टरताई, आमच्या गटातील एक ज्येष्ठ सदस्य औषध म्हणून ब्रँडीची बाटली सोबत घेणार आहेत. त्यांच्या वतीने आणि काहीसा माझ्याही वतीने विचारतो आहे.

वैदेही_भूलतज्ज्ञ

दोघांनाही निराश करते. मद्याने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. परंतु त्याच वाटेने आतली उष्णता बाहेर जाते आणि कापरेही मंदावते. गारठलेल्या माणसाला आधी वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे उतरवावेत, खाली चटई किंवा पाठपिशव्या घालून जमिनीपासून वेगळे करावे आणि कोरड्या कपड्यांत गुंडाळावे. तो शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड पाणी द्यावे. हातपाय चोळू नयेत आणि फार गारठलेल्या माणसाला चालायला तर मुळीच लावू नये.

वर्धेकर_श्रीपाद

हिमालय आमच्या आवाक्याबाहेर आहे, पण पचमढीची नागद्वारी यात्रा विदर्भातल्या कितीतरी घरांत ठरलेली असते. नागपंचमीच्या सुमारास, ऐन पावसात, सातपुड्याच्या त्या निसरड्या वाटांवर म्हातारीकोतारी माणसे अनवाणी चालतात. तिथे वाटाडा नाही, प्रमुख नाही, आणि परत फिरण्याचा विषय काढला तर देवाला पाठ दाखवल्यासारखे होते. अशा ठिकाणी तुमचे हे नियम कसे लावायचे?

सातपुडावासी

श्रीपादजी, फार महत्त्वाची गोष्ट काढलीत. धूपगड १,३५० मीटरचा आणि साऱ्या सातपुड्यात सर्वांत उंच असला, तरी तिथे गारठ्यापेक्षा पाण्याची आणि विजेची भीती मोठी असते.

नाल्याच्या बाबतीत आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून उपयोग नसतो. पाऊस वरच्या अंगाला पडलेला असतो आणि लोंढा खाली कोरड्या जागी येतो. नितळ पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर त्याच क्षणी पात्रातून बाहेर पडून उंचावर जावे. पलीकडच्या काठावर नातेवाईक उभे आहेत म्हणून पाण्यात उतरू नये. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, ती क्षणापूर्वी उथळ पाण्यात उभी होती. सातपुड्यातले नाले जसे चटकन चढतात, तसे पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतातही. तेवढा वेळ काठावर नामस्मरणात घालवला, तर देव रागावणार नाही, असे मी घरच्या मंडळींना सांगतो आणि ते त्यांना पटते. ‘परत फिरू’ म्हटले की भाविक दुखावतो, पण ‘पाणी उतरेपर्यंत थांबू’ म्हटले की ऐकतो.

विजेसाठी मोजणी सोपी आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर उघडा माथा, धार आणि एकटे झाड सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जागचे हलू नये. पचमढीजवळच्या चौरागडावर महाशिवरात्रीला लोक खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन चढतात. अवकाळी पावसाच्या दिवसांत ते दृश्य पाहून माझ्या छातीत धस्स होते, कारण लोखंड विजेला ओढून घेते.

ढगांचा_हिशेब

काका, एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. धातू लांबून वीज ओढून घेतो, असे नाही. आजूबाजूच्या परिसरात जे सर्वांत उंच आणि टोकदार असेल, तिथे ती पडण्याचा संभव जास्त असतो. खांद्यावर उभा धरलेला त्रिशूळ माणसाची उंची वाढवतो, म्हणून तुमची काळजी योग्यच आहे. फक्त कारण थोडे वेगळे आहे. बरेचसे बळी थेट विजेने जात नाहीत. पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरतो, तो एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. म्हणून पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि गटाने एकमेकांपासून दूर दूर बसावे, म्हणजे एकाच वेळी सारे बेशुद्ध पडणार नाहीत. उथळ गुहेच्या तोंडाशी किंवा कड्याला टेकून उभे राहणेही धोक्याचे असते. अर्थात उघड्यावर पूर्ण सुरक्षित अशी जागाच नसते, हे सगळे नाइलाजाचे उपाय आहेत.

वैदेही_भूलतज्ज्ञ

यात एवढेच जोडते की वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. अनेक जण पडले असतील, तर जो निपचित आहे आणि श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी धाव घ्यावी. छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास लगेच सुरू केल्यास असे रुग्ण वाचू शकतात. जे ओरडत आहेत, ते थोडा वेळ थांबू शकतात.

रानवाट

चर्चा वाटाड्याभोवती फिरते आहे, पण त्याच्या बाजूने कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. ‘निर्णय वाटाड्याचा’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याला किती मोकळीक ठेवतो? खिंड पार झाली नाही, तर शहरातली मंडळी इंटरनेटवर अभिप्राय देताना तारे कमी देतात, संस्थेकडे तक्रार करतात आणि निघताना खुशीने देतात ती बक्षिशीही हात राखून देतात. पुढच्या हंगामातले काम या मतांवर ठरत असेल, तर तो ढग पाहील की तुमचा चेहरा पाहील? ओझेवाले आणि स्वयंपाकी यांना तर विचारतच नाही. त्यांच्याकडे कधी कधी पावसाळी कोटही धड नसतो आणि तंबू उभारायला ते आपल्यापुढे निघून गेलेले असतात.

मंदार, पहिल्या मुक्कामी सर्वांदेखत त्यांना सांगा की खिंड झाली काय नि न झाली काय, ठरलेली मजुरी आणि बक्षिशी तेवढीच मिळेल. एवढ्या एका वाक्याने वाटाड्याचा सल्ला बराच प्रामाणिक होतो.

अभय_धंतोली

रानवाट, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो पूर्णपणे मान्य आहे. वैदेहीताईंचे तोमुराउशीचे उदाहरणही बोलके आहे, फक्त मी त्याचा अर्थ वेगळा लावतो. तिथे निघण्याचा निर्णय चुकलाच, परंतु रांग लांबत जाऊन गट विस्कळीत झाला, हेही तितकेच घातक ठरले. उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर जून २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकचा २२ जणांचा गट सुमारे ४,४०० मीटरवर हिमवादळात सापडला, नऊ जण गेले आणि तेरा जणांना हेलिकॉप्टर व बचाव दलाच्या मदतीने सोडवावे लागले. अशा बातम्या वाचून ‘मी आपला खाली निघतो’ असे म्हणणारे वाढतील, आणि धुक्यात एकट्याने खाली निघालेला माणूस हा माझ्या मते सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून खाली यायला एकाची संमती पुरेल हे मी मान्य करतो, पण मग सर्वांनी मिळून खाली यावे किंवा त्याच्याबरोबर एक जाणता माणूस द्यावा.

कांचन_खामला

यावर तर आपले एकमतच झाले म्हणायचे. धंतोली आणि खामला यांच्यात हे क्वचित घडते.

सातपुडावासी

मंदार, आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ‘कोणत्या टप्प्यानंतर’ याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. धबधब्याच्या वरच्या मुक्कामापासून रती फेरी नावाच्या बर्फाळ खोलगट भागापर्यंत चढ असला, तरी माघार घेणे सोपे असते. तिथून पुढे खिंडीखालची अरुंद आणि उभी घळ लागते. जूनच्या सुरुवातीला तिच्यात बर्फ असतो; पहाटे तो कडक असतो आणि ऊन चढले की भुसभुशीत होऊन वरचे दगडही सुटू लागतात. नवख्या माणसाला अशा उभ्या बर्फावरून चढणे जमते, उतरणे जमत नाही. त्यामुळे अर्ध्या घळीत हवा बिघडली, तर अभय म्हणतात तसे वर निघून जाणेच बरे ठरू शकते. परत फिरण्याची अखेरची जागा घळीचा पायथा ही आहे. तिथे थांबून आभाळ पाहावे, कांचनताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे आणि गडगडाट ऐकू येत असेल, तर चर्चा न करता मुक्कामी परतावे. पायथ्याशी किती वाजेपर्यंत पोहोचायलाच हवे, ती वेळ आदल्या संध्याकाळी वाटाड्याकडून वदवून घ्यावी. ती टळली, तर ऊन पडलेले असले तरी फिरावे.

ढगांचा_हिशेब

मुक्कामी उपयोगी पडेल अशी एक खूण सांगून ठेवतो. हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे घड्याळ कोणाकडे असेल, तर झोपताना आकडा लिहून ठेवावा. तुम्ही तंबूतून हललेले नसताना सकाळी तेच घड्याळ तीस-चाळीस मीटर जास्त उंची दाखवू लागले, तर तुम्ही चढलेला नाहीत, हवेचा दाब घसरला आहे, आणि हवा बिघडण्याची शक्यता वाढली आहे. आदल्या रात्री चंद्राला खळे दिसले असेल, तर संशय आणखी बळावतो.

पांढरकवडा_एक्स्प्रेस

सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो काय, म्हणजे अडकल्यास घरी सांगता येईल?

रानवाट

परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात बेकायदेशीर आहे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या लहान उपकरणांपायीही लोक अडचणीत आले आहेत, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. मार्गाचा तपशील आणि उतरण्याची तारीख घरी लिहून ठेवा, तसेच किती उशीर झाल्यावर ११२ वर कळवायचे तेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मंदार_प्रतापनगर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री गटाची बैठक झाली आणि हा सगळा धागा वाचून दाखवला. दोन्ही शिक्षिकांनीच मार्ग काढला. नागपूरहून एक दिवस आधी निघायचे आणि तो दिवस धबधब्यावरच्या मुक्कामासाठी राखून ठेवायचा. जाण्याची नवी तिकिटे प्रतीक्षायादीत आहेत. मजुरीबद्दलचे वाक्य बोलण्याची जबाबदारी निवृत्त अभियंत्यांनी घेतली आहे. जोड्या ठरल्या, आणि ब्रँडीची बाटली अर्थातच रद्द झाली. ‘खाली यायला एकाची संमती’ या नियमावर मात्र आमच्यातले दोघे अजून अडून आहेत. त्यांचे म्हणणे असे की आभाळ निरभ्र असताना केवळ थकव्यापोटी कोणी हा अधिकार वापरला, तर उरलेल्या आठ जणांवर अन्याय होईल.

कांचन_खामला

तशी वेळ आली, तर थकलेल्याबरोबर वाटाड्याचा एक मदतनीस देऊन त्याला मुक्कामी पाठवता येते आणि उरलेले पुढे जाऊ शकतात. त्यासाठी मदतनीस किती आहेत, हे संस्थेला आजच लेखी विचारा. नऊ जणांमागे एकच वाटाडा असेल, तर तुमच्या त्या दोघांचा वाद संपणार नाही, आणि अशा वेळी संस्था बदललेली बरी.

मंदार_प्रतापनगर

विचारले आहे. एक वाटाडा आणि एक मदतनीस, असे उत्तर आले. आणखी एका मदतनिसाचे पैसे वाटून द्यायला सात जण तयार आहेत. उरलेल्या दोघांशी रविवारी अंबाझरीच्या फेरीत बोलतो.